घरावरचं सोलर : पॉली, मोनो पर्क, टॉपकॉन... आमच्या गच्चीला कुठलं पॅनल योग्य?

पर्वतीपायथा | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

सहकारनगरात आमचं १९७९ साली बांधलेलं एकमजली घर आहे. घरात मी, यजमान आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. एरवी महिन्याला ३२० ते ३६० युनिट लागतात. एप्रिल-मे महिन्यांत सासूबाईंच्या खोलीतला एसी सुरू झाला की आकडा ४५० च्या पुढे जातो. त्यांना उकाडा सोसत नाही, म्हणून एसी बंद ठेवायचा प्रश्नच नाही. यंदा सोलर बसवायचंच असं ठरवलं आहे. (पाणी तापवायचं सोलर २००६ पासून आहे. पुण्यात नुसतं 'सोलर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं, म्हणून आधीच सांगते. मी विजेच्या सोलरबद्दल विचारते आहे.)

तीन जणांकडून ३ किलोवॅटची कोटेशनं आली.

पहिलं पॉली पॅनलचं, १ लाख ५२ हजार. यात सबसिडी मिळणार नाही असं ते स्वतःच म्हणाले. दुसरं मोनो पर्क हाफकटचं, डीसीआर पॅनल (म्हणजे सबसिडी मिळणारं), १ लाख ९२ हजार. तिसरं टॉपकॉन बायफेशियल, तेही डीसीआर, २ लाख १८ हजार. तिसरे गृहस्थ म्हणाले, "काकू, यापुढे बाकीची पॅनल म्हणजे भंगार. हे ढगाळ हवेतही पूर्ण वीज देतं."

मी निवृत्त शिक्षिका आहे, इतिहास शिकवायचे. तीन रात्री ही कागदपत्रं वाचते आहे. शब्द कळतात, पण आमच्या घरासाठी त्यांचा अर्थ काय ते कळत नाही.

गच्ची साधारण ६५० चौरस फूट. आग्नेय कोपऱ्यात पाण्याची टाकी, चौथऱ्यासकट सात फूट उंच. उत्तरेला जिन्याची खोली. पश्चिमेला शेजाऱ्यांचा नारळ. जाणकारांनी मदत करावी.

स्फटिक | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०५

ताई, मी भौतिकशास्त्र शिकवतो. पॅनल विकत नाही, त्यामुळे फक्त शब्दांचा अर्थ सांगतो.

पॉली आणि मोनो, दोन्ही सिलिकॉनच. फरक घडणीत आहे. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं. तो रस साच्यात ओतून थंड केला की त्यात हजारो लहान स्फटिक आडवेतिडवे जमतात. ते पॉली. म्हणून त्या निळ्या पॅनलवर बर्फाच्या नक्षीसारखे तुकडे दिसतात. दोन स्फटिकांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडखळतात आणि वीज थोडी कमी मिळते.

मोनोत त्याच रसात स्फटिकाचं एक बीज बुडवून ते फिरवत फिरवत हळूहळू वर ओढतात, आणि अख्खा एकच स्फटिक दंडगोलासारखा वाढतो. ही रीत यान चोखराल्स्की यांनी १९१६ साली शोधली. दंडगोलाच्या चकत्या गोल निघतात. त्या पॅनलमध्ये दाटीनं बसाव्यात म्हणून चारही बाजूंनी कापतात, आणि कोपरे छाटलेले राहतात. काळं पॅनल आणि छाटलेले कोपरे दिसले की मोनो समजायचं.

पर्क आणि टॉपकॉन ही मोनोचीच पुढची रूपं. पर्कमध्ये सेलच्या, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या एकेका चकतीच्या, पाठीला एक पातळ थर देतात. आरपार जाणारा प्रकाश त्यावरून परत फिरतो, आणि पाठीशी वाया जाणारे इलेक्ट्रॉनही वाचतात. टॉपकॉनमध्ये पाठीला एक-दोन नॅनोमीटरचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर असतो. इलेक्ट्रॉन त्यातून पलीकडे जातात, पण वाटेत नष्ट होत नाहीत. शिवाय पर्कच्या सिलिकॉनमध्ये बरेचदा बोरॉन असतं. ऊन लागल्यावर बोरॉन आणि ऑक्सिजनची जोडी जमते आणि पहिल्या वर्षातच दोनेक टक्के ताकद जाते. टॉपकॉनमध्ये बोरॉनऐवजी फॉस्फरस असल्यानं ही घट साधारण निम्मी.

बाजारात मिळणाऱ्या पॅनलची कार्यक्षमता ढोबळमानानं अशी : पॉली १५ ते १७ टक्के, मोनो पर्क २० ते २१.५, टॉपकॉन २२ ते २३. एचजेटी नावाचा आणखी एक प्रकार आहे, तो याहून किंचित वर, पण महाग. १९५४ साली बेल लॅबमध्ये पहिला व्यवहार्य सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास होता. त्या मानानं आजचा कुठलाही प्रकार मला अजूनही थोरच वाटतो.

तारजोडी | १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

स्फटिक सरांनी छान सांगितलं. मी गेली बारा वर्षं हडपसर-फुरसुंगी भागात हीच कामं करतो. या कार्यक्षमतेच्या आकड्यावरून ग्राहकाची जी गल्लत होते, ती आधी दूर करतो.

ताई, ३ किलोवॅट म्हणजे ३ किलोवॅटच. पॉलीचे ३ आणि टॉपकॉनचे ३, प्रमाणित चाचणीत सारखीच वीज देतात. कार्यक्षमता वाढली की फक्त जागा कमी लागते. १७ टक्केवाल्या पॅनलला ३ किलोवॅटसाठी सुमारे १९० चौरस फूट काच लागेल, २१ टक्केवाल्याला १५४, साडेबावीसवाल्याला १४३. तुमच्याकडे ६५० फुटांची गच्ची आहे. तुम्हाला ते वाचलेले अकरा फूट काय कामाचे?

खरा फरक उष्णतेत पडतो. पॅनलवरचा वॅटचा आकडा सेल २५ अंशांवर ठेवून काढलेला असतो. एप्रिलमध्ये पुण्यात बाहेर ३९-४० असताना पॅनलच्या आतला सेल सहज ६५ ला जातो. म्हणजे ४० अंश जास्त. प्रत्येक अंशामागे पॉली ०.४० टक्के गमावतं, पर्क ०.३५, टॉपकॉन ०.२९, एचजेटी ०.२५. आता करा गुणाकार. तुमच्या ३००० वॅटचे त्या दुपारी पॉलीत उरतात २५२०, पर्कमध्ये २५८०, टॉपकॉनमध्ये २६५०, एचजेटीत २७००.

पर्क आणि टॉपकॉनमधलं अंतर ७० वॅट, एका पंख्याइतकं. थंडीत ते आणखी कमी. वर्षाच्या हिशोबात टॉपकॉन साधारण तीन टक्के जास्त देईल असं धरा. पुण्यात १ किलोवॅटला वर्षाला १४०० युनिटच्या आसपास मिळतात, ३ ला ४२००. त्याचे तीन टक्के म्हणजे सव्वाशे युनिट.

ढगाळ हवेत 'पूर्ण वीज' कुठलंच पॅनल देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच निम्म्यावर येते, काही दिवस त्याहून खाली. मंद उजेडात टॉपकॉन थोडं बरं चालतं, एवढंच खरं.

आता मला सांगा, त्या टाकीची सावली कुठे पडते? तीन कोटेशनं देणाऱ्यांपैकी किती जण गच्चीवर आले होते?

पर्वतीपायथा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.१५

एक जण आला होता, संध्याकाळी साडेसहाला. अंधार पडला होता. बाकी दोघांनी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र पाहून कोटेशन दिलं.

कोथरूड१७ | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

पॉलीला सरसकट नावं ठेवू नयेत म्हणून लिहितो. माझ्याकडे २०१७ पासून पॉली आहेत, ३२० वॅटची दहा. तेव्हा तीच सगळीकडे मिळायची. २०१८ सालची माझी नोंद ४३८० युनिट, गेल्या वर्षीची ४१५५. रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहितो, त्यामुळे खात्रीनं सांगू शकतो. आठ वर्षांत इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) एकदा बदलावा लागला, पॅनल एकही नाही.

पण ताई, आज नवं घेत असाल तर पॉली घेऊ नका. आता ती फार कुणी बनवत नाही. जी मिळतात ती बहुधा पडून राहिलेली असतात. उद्या एखादं फुटलं तर जोडीला तसंच दुसरं मिळणार नाही. आणि हिशोबही उलटा आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे ७८ हजार मिळतात. त्यासाठी पॅनल डीसीआर हवं, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेला. तुमचं १ लाख ९२ हजारांचं मोनो सबसिडीनंतर १ लाख १४ हजारांना पडतं. 'स्वस्त' पॉली १ लाख ५२ हजारांनाच राहतं. स्वस्त कुठलं झालं मग?

शनिवारातली | १० नोव्हेंबर, दुपारी १.१०

मध्येच विचारते, क्षमस्व. आम्ही शनिवार पेठेत वाड्यात राहतो. वर मंगलोरी कौलं आहेत. कौलांवर चिकटवता येतील अशी वाकणारी पातळ पॅनल मिळतात असं वाचलं. कुणी लावली आहेत का?

तारजोडी | १० नोव्हेंबर, दुपारी २.४०

ताई, नका लावू. वाकणारं पॅनल कौलाला चिकटलं की त्याच्या पाठीला हवा लागत नाही आणि ते भयंकर तापतं. नेहमीच्या काचेच्या पॅनलला २५ वर्षांची हमी असते, या वाकणाऱ्यांना त्याच्या जवळपासही नसते. ती गाड्यांसाठी, होड्यांसाठी ठीक.

खरी 'थिन फिल्म' म्हणजे कॅडमियम टेल्युराइडची, ती काचेतच येते. उष्णतेत चांगली चालते, पण ती बहुतेक मोठ्या प्रकल्पांत जाते. घरासाठी किरकोळीत मागायला गेलात तर मिळणं कठीण. आणि नेहमीची पॅनल सांगाड्यासकट धरली तर चौरस मीटरला पंधरा-वीस किलो वजन येतं. जुन्या वाड्याच्या वाशांवर ते टाकायच्या आधी इमारतीचं काम कळणाऱ्या माणसाला वर चढवून दाखवा. माझं मत विचाराल तर टाकू नका.

शनिवारातली | १० नोव्हेंबर, दुपारी ३.००

स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. आमचे वासे मागच्याच पावसाळ्यात दोन ठिकाणी बदललेत. विषय बंद करते.

धायरीफाटा | १० नोव्हेंबर, रात्री ८.२०

बायफेशियल, म्हणजे पाठीवर पडलेल्या उजेडातूनही वीज बनवणाऱ्या पॅनलबद्दल माझा अनुभव लिहितो, म्हणजे ताईंचे पैसे वाचतील.

माझं धायरीत छोटं वर्कशॉप आहे, पत्र्याचं छत. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्यानं बायफेशियल दिली. कोटेशनमध्ये लिहिलं होतं ६०५ वॅटची पॅनल. बसवल्यावर मागच्या लेबलवर पाहिलं तर ५५०. विचारलं तर म्हणाले, मागच्या बाजूनं दहा टक्के मिळतात, ते धरून ६०५. डेटाशीटवर खरंच तसा दुसरा तक्ता असतो, मागून पाच टक्के, दहा टक्के मिळाले तर किती होतील असा. त्यांनी तोच आकडा उचलून कोटेशनमध्ये टाकला. आणि पॅनल पत्र्यापासून चार इंचांवर बसवली. पाठीला उजेड जाणार कुठून? पैसे ६०५ चे मोजले, वीज ५५० ची मिळते.

कोटेशनमधला वॅटचा आकडा आणि पॅनलच्या पाठीवरचा आकडा ताडून पाहा. पाठीवर स्टँडर्ड कंडिशनचा जो आकडा छापलेला असतो, तोच खरा.

तारजोडी | १० नोव्हेंबर, रात्री ९.००

धायरीफाटा दादा, वाईट वाटलं वाचून. हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

बायफेशियलचा फायदा घ्यायचा तर पॅनल उंचावर हवं आणि खालची गच्ची पांढरी हवी. पांढरा उष्णतारोधक रंग मारला असेल, सांगाडा सात-आठ फूट उंच असेल, तर मागून पाच टक्क्यांच्या आसपास जास्तीची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. काळवंडलेल्या कोब्यावर, दीड फुटावर बसवलं तर जवळजवळ काही नाही. दोन्हीकडून काच असल्यानं आयुष्य मात्र चांगलं लाभतं, आणि वजनही वाढतं. एक मोठं पॅनल ३० किलोच्या वर जातं. सांगाडा त्या हिशोबानं हवा.

पाषाणचारो | १० नोव्हेंबर, रात्री १०.१५

सगळे टॉपकॉनच्या विरोधात बोलतायत असं वाटलं म्हणून दुसरी बाजू. आमचं पाषाणला रो हाउस आहे. वरची गच्ची लहान, त्यात पाण्याचं सोलर, टाकी, जिना. बिनसावलीची जागा उरली जेमतेम १४० चौरस फूट. तिथे मी ५८० वॅटची पाच टॉपकॉन बसवली, २.९ किलोवॅट झाले. तेवढ्याच मापाची ५४० ची पर्क पाच बसली असती तर २.७ वर थांबलो असतो, पॉली तर सव्वादोनही नाही. घरात दोन इलेक्ट्रिक स्कूटर आहेत, मला प्रत्येक वॅट हवा होता. जागेची टंचाई असेल तर जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

तारजोडी | १० नोव्हेंबर, रात्री १०.४०

अगदी बरोबर. तुमच्या गच्चीवर मीही टॉपकॉनच सुचवलं असतं. विरोध पॅनलला नाही, न पाहता सगळ्यांना एकच पॅनल विकण्याला आहे.

पर्वतीपायथा ताई, आता तुमच्या टाकीकडे वळतो. माझ्या मते तुमच्या गच्चीचा खरा प्रश्न तीच आहे.

पॅनलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेतल्या एका सेलवर सावली आली की त्याच्यातून जाणारा प्रवाह घटतो आणि मागच्या-पुढच्या सगळ्यांना तो अडवतो. म्हणून पॅनलमध्ये तीन बायपास डायोड देतात. सावलीतला एक तृतीयांश भाग वगळून प्रवाह पुढे जातो. म्हणजे तळहाताएवढ्या सावलीनं अख्ख्या पॅनलची तिसऱ्या हिश्शाची वीज जाऊ शकते. वाळत घातलेल्या एका साडीनंही हे होतं.

हाफकटमध्ये प्रत्येक सेल अर्धा कापलेला असतो, आणि पॅनलचा वरचा अर्धा व खालचा अर्धा असे दोन स्वतंत्र भाग असतात. खालच्या अर्ध्यावर सावली असली तरी वरचा चालू राहतो. शिवाय प्रवाह निम्मा झाल्यानं तारांतली घट चौथ्या हिश्शावर येते. आज मिळणारी बहुतेक चांगली पॅनल हाफकटच असतात, पण कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

आता तुमची सात फुटांची टाकी. २२ डिसेंबरला पुण्यात सूर्य मध्यावर, म्हणजे साधारण साडेबाराला, फक्त ४८ अंश वर असतो. टाकीची सावली तेव्हा सव्वासहा फूट पडते. पण सकाळी नऊला तीच सोळा फूट होते, आणि आग्नेयेच्या टाकीची सावली थेट वायव्येला, गच्चीच्या मधोमध जाते. तिथेच तुमची पॅनल येणार. पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, त्या उन्हाळी दिवसांत दुपारी गच्चीवर गेलात तर सावली दिसणारही नाही. फसगत होते ती तिथेच. सोलरची सावली थंडीत मोजायची असते, आणि तुम्ही नेमकं योग्य महिन्यात विचारलंत.

येत्या रविवारी एवढं करा. सकाळी नऊ, अकरा, साडेबारा, दुपारी तीन आणि साडेचार, प्रत्येक वेळी सावलीच्या कडेवर खडूनं रेघ मारा. शेजारी वेळ लिहा आणि फोटो काढा.

वाकडसोसायटी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

दोन प्रश्न. वीज गेल्यावर सोलर चालतं का? आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहते तेव्हा लिफ्टचा प्रश्न येतो. आणि सोसायटीला सबसिडी आहे का?

कोथरूड१७ | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

पहिल्याचं उत्तर : नेट मीटरवालं (घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर असलेलं) साधं सोलर वीज गेली की भर उन्हातही बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून उलटी गेलेली वीज लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. हे सुरक्षेसाठीच आहे आणि तसंच असायला हवं. वीज गेल्यावर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. पॅनलच्या प्रकाराशी याचा संबंध नाही.

दुसरं : सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग, किलोवॅटला १८ हजार मिळतात.

मुळाकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

कबुतरांचं कुणीच लिहिलं नाही. औंध-बोपोडीकडे हा फार मोठा त्रास आहे. पॅनलखाली सावली मिळाली की सहा महिन्यांत घरटी होतात. विष्ठा काचेवर वाळली की तेवढा सेल कायम सावलीत राहतो, तापतो आणि पुढे तिथे डाग पडतो. बसवतानाच कडेनं जाळी लावून घ्या. नंतर लावायला गेलं की दुप्पट काम.

आणि धुताना बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या बोअरच्या क्षारांनी काचेवर पांढरे डाग पडले, ते घासूनही गेले नाहीत. महापालिकेचं पाणी, मऊ फडकं, सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. कितीही भक्कम दिसलं तरी पॅनलवर पाय देऊन उभं राहायचं नाही. आत केसाएवढ्या चिरा जातात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत, वीज मात्र घटत जाते.

पर्वतीपायथा | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

मंडळी, आज दिवसभर गच्चीवर होते. यजमान टेप धरायला, मी खडू घेऊन. सासूबाई खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, दर वेळी घड्याळ बघून त्याच हाक मारत होत्या.

नऊ वाजता टाकीची सावली जवळजवळ तेरा फूट. अकराला सव्वासहा. साडेबाराला पाच. तीनला पूर्वेकडे, कठड्याच्या बाहेर. साडेचारला नारळाची सावली पश्चिम कडेनं आत आली. तिसऱ्या कोटेशनच्या नकाशात सहापैकी चार पॅनल बरोबर त्या नऊ ते अकराच्या पट्ट्यात होती. तारजोडी दादा, डिसेंबरात ती आणखी लांबणार हे तुम्ही सांगितलंच आहे.

नारळाला हात लावायचा नाही असं आम्ही तिघांनीही ठरवलं. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासूनचा आहे तो.

तारजोडी | १६ नोव्हेंबर, रात्री ८.१०

उत्तम काम केलंत. असा नकाशा मला ग्राहकाकडून क्वचितच मिळतो.

नारळ राहू द्या, साडेचारनंतरची वीज तशीही थोडीच असते. टाकी मात्र हलवा. जिन्याची खोली उत्तरेला आहे ना? तिच्या स्लॅबची ताकद तपासून टाकी तिथे वर न्या. थंडीत तिची सावली गच्चीबाहेर उत्तरेला पडेल, आणि नळाला दाबही वाढेल. प्लंबिंगसकट पंधरा-वीस हजारांत व्हावं.

आता हिशोब लावा. टॉपकॉन आणि पर्कमधला फरक तुमच्या कोटेशनांत २६ हजार. त्यातून मिळणार वर्षाला सव्वाशे युनिट. युनिटमागे दहा-बारा रुपये धरले तरी ते पैसे फिटायला सतरा ते एकवीस वर्षं. तेच पैसे टाकी हलवण्यात घातले तर चार पॅनलची सकाळची वीज आख्ख्या थंडीभर वाचते. उरतील त्यात कबुतरांची जाळी आणि चांगलं अर्थिंग.

टॉपकॉनवाला फरक पाच-सहा हजारांवर आणत असेल तर खुशाल टॉपकॉन घ्या, वस्तू चांगली आहे. सहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका.

बाकी एवढं पाहून घ्या : दक्षिणेकडे तोंड, कल १८ ते २० अंश. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला), नुसता रंग मारलेला नको. पॅनलला वस्तूची हमी किमान १२ वर्षं आणि ताकदीची २५, दोन्ही वेगळ्या असतात, दोन्ही लेखी घ्या. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची वेगळी मंजुरी लागत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, कोटेशनमध्ये जुना दर तर नाही ना ते बघा.

पर्वतीपायथा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२५

दुसऱ्या कोटेशनमध्ये जुनाच दर होता! आत्ता कागद काढून पाहिला. उद्या फोन करते.

स्फटिक | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

काही विद्यार्थी मला विचारतात की पेरॉव्स्काइट नावाच्या नव्या पदार्थाचं पॅनल येणार आहे, तोवर थांबावं का. प्रयोगशाळेत सिलिकॉनवर पेरॉव्स्काइटचा थर देऊन तीस टक्क्यांच्या वरचे सेल झाले आहेत. पण ओल आणि उष्णतेत ते वर्षानुवर्षं टिकवणं हा अजूनही अवघड भाग आहे. ताईंच्या सासूबाईंचा एसी येत्या एप्रिलमध्ये लागणार आहे. थांबू नका.

पर्वतीपायथा | १८ जानेवारी, रात्री ८.४५

धागा वर काढते आहे. तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

टाकी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जिन्याच्या खोलीवर गेली, खर्च १७ हजार ५००. पॅनल दुसऱ्या कोटेशनवाल्यांकडूनच घेतली, मोनो पर्क हाफकट, ५४० वॅटची सहा. नव्या जीएसटीनं रक्कम खाली आली. सांगाडा आठ फूट उंच करून घेतला, त्याचे जास्तीचे पैसे लागले, पण खाली वाळवणं घालायची जागा राहिली. सासूबाईंची ती एकच अट होती. बसवणाऱ्या मुलांना प्रत्येक पॅनल वर चढवण्याआधी उलटं करायला लावलं आणि मागचा आकडा वाचला. सहाही ५४०. धायरीफाटा दादा, तुमची आठवण झाली.

नेट मीटर ९ जानेवारीला लागलं. काल दिवसभरात १३.६ युनिट. दुपारी पाऊण वाजता इन्व्हर्टरवर २५६० वॅट दिसत होते. शेजारचे म्हणाले, ३२४० ची पॅनल आणि २५६० च कसे, फसवलं तुम्हाला. मी त्यांना सेलच्या तापमानाचा, तिरप्या उन्हाचा आणि धुळीचा हिशोब कागदावर मांडून दाखवला.

सबसिडीचा अर्ज तपासणीनंतर पुढे गेला आहे, रक्कम अजून यायची आहे.

वाकडसोसायटी | १९ जानेवारी, सकाळी १०.००

अभिनंदन ताई! आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे, २५ किलोवॅट. पण गच्चीवर लिफ्टची खोली आहे, चार टाक्या आहेत आणि मोबाइलचा टॉवर. तिन्ही विक्रेते म्हणतात सावलीची काळजी नको. तुमच्यासारखी सावली मोजायची आहे, पण एवढ्या मोठ्या गच्चीवर सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

पर्वतीपायथा | १९ जानेवारी, सकाळी १०.३०

फेब्रुवारी लागला की सावल्या आखडायला लागतात, त्यामुळे याच रविवारी करू. लिफ्टच्या खोलीपासून सुरुवात करायची, ती सगळ्यात उंच असेल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी आणि यजमान साडेआठला पोचतो. खडू आमच्याकडे आहेत, तुम्ही पन्नास फुटी टेप आणि गच्चीचा नकाशा तेवढा तयार ठेवा.